सुलभाला गुण आला

“काकू नाही, वहिनी नाही, ताई तर मुळीच नाही. या खोलीत फक्त नावं,” डॉक्टर उत्तरा म्हणाली. तळघरात गोल मांडलेल्या घडीच्या खुर्च्यांवर बसलेल्या चौघी एकमेकींकडे बघायला लागल्या. बाहेर बर्फात अनवाणी उभं राहायला सांगितलं असतं, तर त्या इतक्या संकोचल्या नसत्या.

“म्हणजे मी यांना पद्मिनी म्हणू?” प्रतिमाने विचारलं. “अगं-तुगं?”

“अगं-तुगं.”

“माझ्या सासूच्या वयाच्या आहेत त्या!”

“सासूच्या नाही, मोठ्या नणंदेच्या,” पद्मिनीमावशी म्हणाल्या आणि पर्स मांडीवर घट्ट धरून बसल्या.

“आणि दुसरा नियम,” उत्तरा म्हणाली, “इथलं इथेच. या खोलीत बोललेलं खोलीबाहेर जाणार नाही. प्रॉमिस?”

सगळ्यांनी प्रॉमिस केलं. सुलभाने तर हळदीकुंकवाला वाकावं तशी किंचित मान वाकवून केलं.

कोलंबसच्या कडेला डब्लिन नावाचं उपनगर आहे, तिथली ही गोष्ट. साल पंच्याऐंशी. तेव्हा तिथे मक्याच्या शेतांमध्ये ऑफिसं उगवायला लागली होती आणि त्या ऑफिसांमागोमाग आपली माणसं. उत्तरा मूळची नागपूरची, तिथल्या एका इस्पितळात मानसोपचार करायची. अमेरिकेत त्या काळात थोडक्या बैठकांच्या समूह-उपचाराची चलती होती. इन्शुरन्सवाल्यांना लांबलचक उपचार परवडत नव्हते आणि आपल्या लोकांना लांबलचक आजार. त्यामुळे आठ शनिवार, घरचंच तळघर आणि नंतर चहा, ही योजना सगळ्यांनाच पटण्यासारखी होती. मंडळाच्या संक्रांतीला, तिळगूळ आणि लकी ड्रॉ यांच्या मध्ये उत्तराने माइकवरून ती जाहीर केली. “गोळ्यांना साइड इफेक्ट्स असतात,” ती म्हणाली होती, “बोलण्याला नसतात.” टाळ्या पडल्या. बोलण्याला साइड इफेक्ट्स नसतात हे वाक्य भरसभेत, मराठी माणसांच्या सभेत, कुणीही न हसता ऐकून घेतलं.

नावं देताना मात्र बायकांना एकदम कामं आठवली. शेवटी चौघी जमल्या. वीणा आणि प्रतिमा या तिशीच्या आतबाहेरच्या, नोकरी करणाऱ्या. पद्मिनीमावशी साठीकडे झुकलेल्या, डॉक्टर नवऱ्यामागे पंचवीस वर्षं अमेरिकेत राहून इथल्या थंडीबद्दल रोज नव्याने आश्चर्य करणाऱ्या. आणि सुलभा.

सुलभा पंचेचाळिशीची. नवरा त्र्यंबक एका विमा कंपनीत कॉम्प्युटरवर होता, मुलगी सुलेखा कॉलेजला लांब गेली होती. मुलगी गेली त्याच वर्षी वीणाने विचारलं, “काकू, माझ्या चिनूला दिवसभर ठेवाल का?” चिनूपाठोपाठ प्रतिमाची रीना आली, आणि मग आणखी दोघं-तिघं. सुलभाच्या घरी ती वरणभात खायची, दुपारी झोपायची आणि संध्याकाळी आईबापांच्या गाडीत बसताना “मावशी, टाटा” म्हणायची. ओहायोत राहून मराठीत तूप मागणारी मुलं म्हणजे आईबापांना मिरवायला मोठीच गोष्ट होती. सुलभाजवळ पाळणाघराचं लायसन्स नव्हतं. ते कुणी विचारलंही नव्हतं.

घर दुमजली. मुलं वरच्या खोलीत झोपायची. जिना लाकडी, गुळगुळीत, आणि त्याच्या पायाशी फरशी. नोव्हेंबरातल्या एका दुपारी झोपेतून उठलेल्या चिनूला कडेवर घेऊन सुलभा जिन्याच्या तोंडाशी आली आणि तिच्या मनात आलं : आत्ता हात सोडले तर?

राग नव्हता. चिनू रडतही नव्हता, तिच्या खांद्यावर गाल टेकून पेंगत होता. तो तिचा जीव की प्राण होता. आणि तो विचार ‘दूध संपलंय, आणायला हवं’ इतक्या साध्या आवाजात, तिच्याच आवाजात आला. तिला दरदरून घाम फुटला. ती तिथेच वरच्या पायरीवर बसली आणि चिनूला छातीशी आवळून, बसल्या बसल्या, एकेक पायरी सरकत खाली उतरली. चिनूला वाटलं, नवीन खेळ.

दुसऱ्या दिवशी विचार परत आला. मग रोजच यायला लागला. ती रोज बसून उतरायला लागली.

त्या हिवाळ्यात टीव्हीवर कुठल्याशा पाळणाघराची बातमी सारखी चालू असायची. मुलांच्या छळाचे आरोप, वकील, रडणाऱ्या आया. पाळणाघर चालवणाऱ्या बाईचा फोटो दाखवायचे. चष्मा लावलेली, गुबगुबीत, कुणाच्याही आत्यासारखी. सुलभा तो फोटो आला की टीव्ही बंद करायची. बंद पडद्यात स्वतःचा चेहरा दिसायचा, म्हणून मग तिथून उठायचीही.

“चला ना काकू ग्रुपला, तेवढाच चेंज,” वीणा म्हणाली, तेव्हा सुलभा हो म्हणाली. बोलायचं असं काही ठरवून नव्हे. नुसतं बसावं, दुसऱ्यांचं ऐकावं, कदाचित दुसरी कुणी असलंच काही बोलेल, असं तिला वाटलं.

दुसरी कुणी बोलली नाही. पहिल्या शनिवारी वीणाने सांगितलं की तिचा मोठा प्रॉब्लेम म्हणजे ती फार परफेक्शनिस्ट आहे. दुसऱ्या शनिवारी प्रतिमा म्हणाली, “राजीव मला घरातलं कुठलं काम म्हणून करू देत नाही. आय फील सो गिल्टी.” तिला तिसरा महिना होता, ते तिने त्याच बैठकीत सांगून टाकलं आणि उरलेला वेळ अभिनंदनात गेला. पद्मिनीमावशींना एकटेपणा वाटायचा, पण तो मुलगा हार्वर्डला असल्यामुळे. दुःख सांगता सांगता चौघींचं इतकं बरं चाललेलं निघालं, की उत्तरा घाबरली.

पाचव्या शनिवारी तिने हातातलं पेन खाली ठेवलं.

“हे बघा. आता मोजक्याच बैठका राहिल्या. मी मार्चमध्ये शिकागोला कॉन्फरन्सला जाणार आहे, आपल्या ग्रुपवर बोलायला. इट्स अ पायलट स्टडी. मी त्यांना कळवून बसलेय की सिग्निफिकंट इम्प्रूव्हमेंट झाली म्हणून.”

“आत्ताच?” वीणा म्हणाली.

“डेडलाइन होती. पण इम्प्रूव्ह व्हायला आधी काहीतरी झालेलं असावं लागतं ना यार! कुणीतरी खरं बोला. प्लीज.”

कोपऱ्यातला हीटर सुरू झाला, बंद झाला. छतालगतच्या खिडकीबाहेर बर्फ इतकं साचलं होतं की तळघरात पाण्याखालच्यासारखा उजेड पडला होता. उत्तराचे डोळे भरून आले होते. तिला नोकरीत बढती हवी होती वगैरे सगळं खरं. पण त्या क्षणी ती पाहुणे जेवायला बसलेत आणि कुणी घासच घेत नाही, अशा यजमानिणीसारखी दिसत होती.

सुलभाला ते बघवेना. कुणाच्या घरचा कार्यक्रम पडू नये, हा तिच्यावरचा सगळ्यात जुना संस्कार. नको असतानाही ताटात एक लाडू वाढून घ्यावा, तसं तिने तोंड उघडलं.

“मला एक विचार येतो,” ती म्हणाली.

मग तिने सांगितलं. जिना, दुपार, खांद्यावरचा गाल. नाव तिने घेतलं नाही. “एखादं मूल” म्हणाली. पण सगळ्यात जास्त काळ तिच्याकडे कोण असतं, हे वीणाला सांगायची गरज नव्हती. सांगताना सुलभाला रडू आलं नाही. महिनोन्महिने दाराशी तिष्ठत उभ्या राहिलेल्या कुणाला तरी आत घ्यावं, तसं तिला हलकं वाटलं.

“थँक यू, सुलभा,” उत्तरा अगदी हळू म्हणाली. आणि मग तिने सांगितलं ते शास्त्र म्हणून बिनचूक होतं. असे विचार पुष्कळांना येतात, आयांना तर फारच. विचार म्हणजे इच्छा नव्हे. उलट ज्यांना असे विचार येऊन घाम फुटतो, ती माणसं सगळ्यात जास्त जपणारी असतात. “सुलभा बसून उतरते. का? कारण तिला त्या मुलाची इतकी काळजी आहे. समजतंय ना सगळ्यांना?”

सगळ्यांनी माना डोलावल्या. खूप वेळ डोलावल्या.

“आणखी कुणाला कधी असं काही…?” उत्तराने विचारलं.

वीणाने खाली बघितलं. प्रतिमाचा हात नकळत पोटावर गेला.

“चहा टाकू का?” पद्मिनीमावशी म्हणाल्या.

निघताना तिघींनी सुलभाला मिठी मारली. आपल्या बायका मिठी मारायला इथे येऊन शिकल्या. खांदे भेटतात आणि बाकी सगळं मागे राहतं, तशी. सुलभा यायची-जायची वीणाच्या गाडीतून. रस्त्यावर मीठ पडलेलं, दोन्ही बाजूंना काळपट बर्फाचे ढीग. वीणा एरवी ड्राइव्ह करताना अखंड बोलायची. त्या दिवशी तिने रेडिओ लावला.

“यू आर सो ब्रेव्ह, काकू,” ती सिग्नलला म्हणाली.

“सोमवारी चिनूसाठी साबुदाण्याची खीर करते. मागच्या वेळी मागत होता.”

“हो? अं… हो. मस्त.”

सिग्नल हिरवा झाला. मागच्या गाडीने हॉर्न वाजवेपर्यंत वीणा तशीच बसली होती.

सोमवारी चिनू आला. वीणा एरवी गाडी चालूच ठेवून त्याला दारात सोडायची; त्या दिवशी आत आली, कोट न काढता बसली, जिन्याकडे बघत कॉफी प्यायली. दुपारी तिचा ऑफिसातून फोन आला.

“झोपलाय का?”

“आत्ताच झोपला.”

“कुठे?”

“खाली. सोफ्यावर. खालीच घेते मी आता त्याला.”

“नाही नाही, मी असंच विचारलं,” वीणा म्हणाली. तासाभराने तिने परत असंच विचारलं.

त्याच आठवड्यात प्रतिमाचा नवरा राजीव रीनाला न्यायला आला. तो इंजिनिअर, स्वभावाने अतिशय सज्जन. दुसऱ्याच्या घरातला गळका नळ दिसला तर जेवण सोडून पाना मागणारा. बूट काढून तो सरळ जिन्याशी गेला आणि कठडा धरून त्याने दोनदा गदागदा हलवला.

“मजबूत आहे तसा,” तो म्हणाला.

“हो. घर घेतलं तेव्हाच बदलून घेतलाय.”

“वहिनी, मी शनिवारी येऊन वर एक गेट बसवून देऊ का? मुलांचं असतं ते. कुलूपवालं. पंधरा मिनिटांचं काम.”

“कुणी पडलंय का?”

“छे छे! कुणी पडलं नाही म्हणून तर.” राजीव लाल झाला. “म्हणजे, तुम्हालाच जरा रिलॅक्स वाटेल. प्रतिमा म्हणत होती…”

रीना एका हाताने बूट चढवत होती आणि दुसरा हात सुलभाच्या पदराशी होता. राजीवने खाली वाकून मुलीचा तो हात अलगद, फार म्हणजे फार अलगद सोडवला.

सुलभाला कळलं. आणि हेही कळलं की कुणी नियम मोडलेला नाही. खोलीतलं खोलीबाहेर जाणार नाही, असं प्रतिमाने वचन दिलं होतं. पण नवरा म्हणजे बाहेरचा का? वीणानेही बाहेरच्या कुणाला सांगितलं नव्हतं, फक्त नवऱ्याला. पद्मिनीमावशींनी तर नवऱ्याला वैद्यकीय मत म्हणून विचारलं होतं, म्हणजे ते बोलणंही नव्हे. ते नवरे आपसात बोलले असतील, तर ते काळजीपोटी. अशा रीतीने, एकही वचन न मोडता, शनिवारची गोष्ट बुधवारपर्यंत डब्लिनमधल्या सगळ्या मराठी घरांत पोचली.

मग फोन यायला लागले. फार गोड फोन. एकीची सासू भारतातून येणार होती, “सो आता घरीच.” एकीला ऑफिसजवळच्या डे-केअरमध्ये अचानक जागा मिळाली. प्रतिमाने सांगितलं, डॉक्टरने तिला रेस्ट सांगितलीय, तर रीना तिच्याजवळच राहील. “तुम्हालाही किती वर्षं ब्रेक नाही काकू! यू डिझर्व्ह इट.” वीणा सगळ्यात शेवटची. तिने फोन केला नाही, स्वतः आली. चिनूचं पांघरूण, त्याचा निळा पेला आणि एका पायाचा मोजा तिने पिशवीत भरला. दुसरा मोजा दोघींनी मिळून बराच वेळ शोधला.

“काकू, इट्स नॉट बिकॉज ऑफ…”

“माहितीये,” सुलभा म्हणाली. “कोचाच्या मागे बघ गं.”

घर शांत झालं. सुलभाने सवयीने तांदूळ जास्त घेतले आणि मग परत डब्यात टाकले. असं तिने पुढे बरेच दिवस केलं.

सगळ्या नवऱ्यांना कळलेलं होतं, एक त्र्यंबक सोडून. एका रविवारी सकाळी टोस्टला लोणी लावता लावता तो म्हणाला, “राजीव भेटला होता ग्रोसरीत. म्हणाला, वहिनींना आराम पडायला हवा. मी म्हटलं, कशापासून? तर माझ्या कार्टमधल्या कांद्यांकडे बघायला लागला.”

सुलभाने चहा गाळला.

“मुलं का येत नाहीत गं? काय सांगितलंस तू त्या बायकांना?”

तिने त्यालाही सांगितलं. या वेळी फार थोडक्यात. त्र्यंबक प्रोग्राम लिहिणारा माणूस. चूक कुठे आहे ते सापडेपर्यंत चेहरा न हलवणारा. त्याने सगळं ऐकून घेतलं.

“बरं. विचार आला की तू काय करतेस?”

“बसते. बसून उतरते.”

“दर वेळी?”

“दर वेळी.”

“मग?” तो म्हणाला. “बाकीचे सगळे उभ्याने उतरतात.”

सुलभाला हसू आलं, आणि ते मध्येच कुठेतरी मोडलं. त्र्यंबकने सुरी बाजूला ठेवली.

“मला का नाही सांगितलंस पण? मला सगळ्यांच्या शेवटी कळावं?”

“तिथलं तिथेच ठेवायचं ठरलं होतं,” ती म्हणाली.

त्याने सुरी परत उचलली आणि टोस्टला कडेपर्यंत लोणी लावलं. मग तिच्या बशीत टोस्ट ठेवला.

सुलेखाला फोनवर कुणकुण लागली तेव्हा ती तिकडून तापली. “आई, दॅट्स सो मीन! दॅट्स लाइक, कंप्लीटली नॉर्मल. आमच्या सायकॉलॉजीच्या क्लासमध्ये आहे ते. टेल देम!” “सांगते,” सुलभा म्हणाली. “तू जेवलीस का?”

आठव्या शनिवारी ती गेली. जायला नको होतं, पण शेवटच्या दिवशी न जाणं म्हणजे उत्तराच्या पाहुण्यांत एक खुर्ची रिकामी. त्र्यंबकने तिला सोडलं आणि तो बाहेर गाडीतच बसून राहिला. तळघरात सगळ्या वेळेआधीच आल्या होत्या. सुलभा आत आली तेव्हा बोलणं थांबलं नाही. उलट एकदम सुरू झालं. बर्फ वितळतंय नाही? हो ना, वितळतंय.

उत्तराने एकेकीला विचारलं. आधी कसं होतं, आता कसं आहे, दहापैकी किती? वीणाचा परफेक्शनिझम पुष्कळ कमी झाला होता. प्रतिमाला आता गिल्टी वाटत नव्हतं. पद्मिनीमावशींना थंडीही कमी वाटत होती. अर्थात मार्च लागला होता.

“सुलभा?” उत्तराचा आवाज मऊ झाला. “तो विचार? अजून येतो?”

“नाही,” सुलभा म्हणाली. “एकदाही नाही आला.”

“एकदाही नाही!” उत्तराने टाळीच वाजवली. “पाहिलंत? धिस इज व्हॉट आय मीन. नुसतं बोलल्याने! केव्हापासून नाही आला?”

“मुलं यायची थांबली तेव्हापासून.”

हीटर सुरू झाला. वीणा आपल्या बोटातली अंगठी फिरवत होती. उत्तराचं पेन कागदावर टेकलेलं होतं, तिथे शाईचा एक ठिपका मोठा होत गेला.

“म्हणजे… हे… ते ग्रुपच्या बाहेरचं झालं,” ती शेवटी म्हणाली. “आपण इथे फक्त इथलं बघतोय.” आणि मग, मान वर न करता, तिने शेवटचा प्रश्न विचारला, कारण तो विचारावाच लागतो. “ग्रुपमुळे कुणाला काही त्रास झाला का? एनी हार्म?”

तीन चेहरे सुलभाकडे वळले. त्यांत विनवणी होती, भीती होती. आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर प्रेमही होतं. तिने एक शब्द उच्चारला असता, तर त्या तिघी इथेच रडल्या असत्या, माफी मागितली असती, पुन्हा मिठ्या मारल्या असत्या. आणि सोमवारी मुलं तरीही डे-केअरलाच गेली असती.

“नाही,” सुलभा म्हणाली. “त्रास कसला.”

दारापर्यंत उत्तरा तिच्यामागून आली. नियम संपल्यामुळे की काय, तिने परत ताई म्हटलं.

“सुलभाताई, मी बोलू का वीणाशी? प्रतिमाशी? त्यांना नीट एक्सप्लेन करते, की तसं काहीही होणार नसतं…”

“ते त्यांना माहीत आहे गं. तू इतकं छान सांगितलंस.”

“मग?”

“माहीत असलं तरी मूल नाही सोडवत.” सुलभा बुटाची चेन लावायला वाकली. “चिनू माझा असता, तर मीही सोडलं नसतं.”

उत्तराने सुलभाच्या हातात डबा दिला; चकल्या उरल्या होत्या.

शिकागोचं भाषण चांगलं झालं म्हणतात. परदेशी आलेल्या बायकांसाठी थोडक्या बैठकांचा समूह-उपचार : चौघींपैकी चौघींना गुण, एकीची मुख्य तक्रार पूर्णपणे नाहीशी, उपचारापासून अपाय कुणालाही नाही. प्रश्नोत्तरांत कुणीतरी विचारलं, नमुना फार लहान नाही का? उत्तराने कबूल केलं की आहे, आणि पुढची तुकडी सप्टेंबरात सुरू होईल म्हणून सांगितलं. ते सांगताना तिने हातातले कागद दोनदा सारखे केले.

ऑगस्टात प्रतिमाला मुलगा झाला. बारशाला सगळं मंडळ लोटलं. सुलभाला फोनवर आमंत्रण होतं, पोस्टाने होतं, आणि शिवाय राजीव घरी येऊन “वहिनी, तुम्ही आलंच पाहिजे” असं तीनतीनदा सांगून गेला. तशी ती एरवीही गेलीच असती. या गावात बारसं असलं की पाळण्याच्या पलीकडे सुलभा उभी असायची. अलीकडची बाई बाळाला पाळण्याखालून तिच्या हातात द्यायची, ती ते वरून परत द्यायची. गोविंद घ्या, गोपाळ घ्या हे शब्द नीट यायचे ते तिलाच. डब्लिनमधलं जवळजवळ प्रत्येक मराठी मूल असं कधी ना कधी तिच्या हातांतून गेलं होतं.

हॉलमध्ये दुकानातला पांढरा पाळणा झेंडूच्या कागदी माळांनी सजवला होता. बायका भोवती उभ्या राहिल्या. पलीकडची जागा आपोआप सुलभासाठी मोकळी राहिली. ती सवय होती, कुणी विचार करून ती ठेवली नव्हती. सुलभा पदर खोचून पुढे झाली. प्रतिमा बाळाला घेऊन अलीकडे उभी होती. तिने सुलभाकडे बघितलं, मग पाळण्याखालच्या फरशीकडे, मग राजीवकडे.

“वहिनी!” राजीव गर्दीतून वाट काढत आला. त्याच्या गळ्यात नवा कॅमेरा होता. “तुम्ही फोटो घ्या ना, प्लीज. या सगळ्यांना काही जमत नाही. तुमचा हात स्टेडी आहे.”

कुणाची तरी बांगडी वाजली.

“आण,” सुलभा म्हणाली. तिने कॅमेरा घेतला, पट्टा मानेत अडकवला. “कुठलं बटण?”

“हे. आणि इथून बघायचं.”

पद्मिनीमावशी पलीकडे जाऊन उभ्या राहिल्या. त्यांना शब्द येत नव्हते, तेव्हा सुलभाने ते इथून, कॅमेऱ्यामागून सांगायला सुरुवात केली. एक ओळ तिने म्हणायची, मागून सगळ्यांनी. तेवढ्यात तिच्या साडीला खालून ओढ बसली. चिनू होता. वाढला होता जरा. दोन्ही हात वर करून उभा होता.

“मावशी, उचल.”

“आत्ता नाही रे राजा,” सुलभा म्हणाली. “हात गुंतलेत माझे.”

“चिनू, कम हिअर, स्वीटी,” वीणाचा आवाज आला. ती पळतच आली, त्याला उचलून घेताना तिने सुलभाच्या दंडाला हलकेच हात लावला आणि काढला.

सुलभाने डोळा कॅमेऱ्याला लावला. त्या छोट्या चौकटीत पाळणा होता, प्रतिमा होती, पाळण्याखालून इकडून तिकडे जाणारं गुंडाळलेलं बाळ होतं, ते घ्यायला पुढे झालेले पद्मिनीमावशींचे थरथरते हात होते. कडेच्या बायका मात्र अर्ध्याच येत होत्या. कुणाचा खांदा, कुणाचं नुसतं कुंकू. ती एक पाऊल मागे गेली. तरी मावेनात. आणखी एक. कुणीतरी मागची खुर्ची हलवून तिला वाट करून दिली. ती चौकटीतून नजर न काढता, पाय चाचपत, मागे मागे सरकत राहिली, आणि पाठ भिंतीला टेकली तेव्हा थांबली.

“हं,” ती म्हणाली. “आता आले सगळे.”